गुहा वाजवून बघायला सांगू नका

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला छत्तीसगडमधल्या बस्तरवरचा लेख वाचला. तीरथगढच्या धबधब्याचं वर्णन छान आहे, जगदलपूरच्या मुक्कामाची माहितीही कामाची आहे. पण कैलास गुहेच्या परिच्छेदात ‘भिंती आणि लवणस्तंभ हाताने वाजवून बघा, संगीत ऐकू येतं’ असं छापलंत, ते वाचून डोकंच फिरलं. आपला अंक किती घरांत जातो! नागपूर-चंद्रपूरकडून सुट्टीत बस्तरला निघणारे लोक तेच कात्रण घेऊन आत शिरणार.

हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच गुहेत आमच्यापुढच्या घोळक्यातल्या एका गृहस्थांचं हाताने वाजवून समाधान होईना. त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि छताला लोंबणाऱ्या एका बारीक स्तंभावर ठोकायला लागले. नाद आला, पोरं खूश झाली, मोबाइल निघाले. आणखी दोन-चार ठोके बसले आणि करंगळीएवढं टोक तुटून खाली पडलं. मी ते उचललं. बाहेरून मातकट, पण तुटल्या जागी खडीसाखरेसारखं पांढरं आणि ओलं. मधोमध बारीकसं भोक, त्याभोवती एकात एक कडी. ‘द्या इकडे, आठवण राहील’ म्हणत गृहस्थांनी ते माझ्या हातून घेतलं आणि मुलीच्या पर्समध्ये टाकलं. मी बोललो, तर म्हणाले, ‘काका, एवढ्याशाने काय होतंय? वाढेल की पुन्हा.’

कधी वाढेल? पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली मुरतं, चुनखडी विरघळवतं. थेंब गुहेच्या छताला लोंबला की वायू निघून जातो आणि कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा, कणभर थर मागे राहतो. अशा थरांतून बोटभर टोक व्हायला शेकडो वर्षं जातात. त्यावर हाताचा घाम आणि तेल बसलं की पुढचा थर नीट धरतही नाही. कैलास गुहा सापडली 1993 साली. तेवढ्या अवधीत हात पोचेल तिथवरचे स्तंभ काळवंडलेले मला दिसले, वरचे अजून पांढरे आहेत.

आणि हा काही नुसता शोभेचा दगड नाही. कैलास गुहा ज्या कांगेर खोऱ्यात आहे, त्याच खोऱ्यातल्या दंडक गुहेतल्या एका स्तंभाच्या थरांमधला ऑक्सिजन तपासून शास्त्रज्ञांनी इ.स. 600 ते 1500 पर्यंतच्या मोसमी पावसाचा आलेख काढला. 2007 साली तो प्रसिद्ध झाला. चौदाव्या-पंधराव्या शतकांत पाऊस वारंवार दगा देत होता, हे त्यात दिसतं. आपल्याकडे गावंच्या गावं उठवणारा दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळातला. तो अभ्यास निदान प्रयोगशाळेत, नोंदी ठेवून झाला. त्या पर्समधल्या टोकात कुठल्या काळाचा पाऊस साठला होता, हे आता कुणालाच कळायचं नाही.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचं, त्याच खोऱ्यातल्या कुटुमसर गुहेचं म्हणून छापलेलं छायाचित्र कुटुमसरचं नाहीच. निळ्या-तांबड्या झोतांनी उजळलेली ती आंध्रातली बोर्रा गुहा आहे. दोन्ही गुहा पाहिलेल्या माणसाला ते एका नजरेत कळतं. अशी छायाचित्रं पाहून जाणारे लोक मग कुटुमसरच्या अंधारात ‘इथे दिवे का नाहीत’ म्हणून वाद घालतात. सततच्या उजेडाने ओल्या दगडावर शेवाळ धरतं, हे त्यांना कुणी सांगायचं?

पावसाळ्यात बंद असलेल्या या गुहा साधारण दिवाळीच्या सुमारास उघडतात. त्याआधीच्या रविवारी दोन्ही चुकांची दुरुस्ती पुरवणीच्या त्याच पानावर, ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती. आतल्या पानाच्या कोपऱ्यात नको, तिथे ती कुणी वाचत नाही.

— एक निवृत्त भूगोल शिक्षक, चंद्रपूर