डोंगर आपणहून कोळसा देत होता

कॅलगरी, कॅनडा
दि. ९ जून

तीर्थरूप आप्पा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

चोर्ला घाटात दरड कोसळल्याचे ताईने फोनवर सांगितले. त्याच आठवड्यात आम्ही येथून दोनशेहून थोडे अधिक किलोमीटर दूर असलेल्या फ्रँक या गावी जाऊन आलो. तेथे रस्ता चुनखडीच्या धोंड्यांच्या राशींमधून जातो आणि त्यांतले काही धोंडे आपल्या जांबोटीच्या घराएवढे आहेत.

२९ एप्रिल १९०३ रोजी पहाटे चारच्या सुमारास टर्टल माउंटन या डोंगराचा सुमारे तीन कोटी घनमीटर खडक सुटला आणि जेमतेम दीड मिनिटात खोरे ओलांडून पलीकडच्या उताराला भिडला. ७० ते ९० माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचे देह अजून त्या राशींखालीच आहेत.

तो डोंगर मुळातच कच्चा होता. चुनखडीचे थर घडी घातल्यासारखे वाकलेले, भेगांत मुरलेले पाणी थंडीत गोठून त्या रुंदावणारे, आणि एवढ्या भाराखाली मऊ खडक व कोळसा. तेथील मूळ रहिवासी त्याला हलणारा डोंगर म्हणत आणि त्याच्या पायथ्याशी मुक्काम करीत नसत. नेमकी तेथेच १९०१ मध्ये खाण सुरू झाली. कोळशाचा थर जवळजवळ उभा होता, त्यामुळे खालून पोकळ्या करीत गेले की कोळसा वरून घसरून येई. १९०२ च्या अखेरीस तर तो फोडावाही लागेना, नुसता भरावा लागे. रात्री डोंगर हादरे आणि छताला दिलेले लाकडी टेकू चिरत. खाण फायद्यात होती, त्यामुळे काम चालू राहिले.

हे वाचताना मला आपल्या खालच्या मळ्यातली विहीर आठवली. चार दिवस पहार लागू न देणारा मुरूम एका दुपारी आपोआप सुटू लागला, गडी खूश झाले, आणि तुम्ही मात्र सगळ्यांना शिव्या घालून वर काढलेत. संध्याकाळी ती बाजू ढासळली. तुम्ही मजुरी बुडवलीत म्हणून कुरकुरणारा गडी त्या रात्री आपल्याच ओटीवर जेवला, हे मला अजून स्पष्ट दिसते.

त्या पहाटे खाणीच्या आत असलेले १७ कामगार मात्र वाचले. तोंड बुजले होते आणि अडलेल्या नदीचे पाणी खालच्या बोगद्यात चढत होते, तेव्हा त्यांनी कोळशाच्या थरातूनच वर खणत वाट काढली आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते बाहेर आले. चार्ली नावाचा खाणीतला घोडा महिनाभर आत अडकून राहिला. टेकूंच्या लाकडाची साल कुरतडून आणि साचलेले पाणी पिऊन तो जगला, आणि सापडल्यावर लोकांनी प्रेमाने इतके ओट व ब्रँडी दिली की त्यानेच तो मेला. उपाशी बैलाला एकदम आंबोण ठेवू नये, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते.

भूगर्भशास्त्रज्ञ मुख्य दोष डोंगराच्या रचनेला देतात आणि खाणकामाने त्यात भर पडली असे म्हणतात. मला ही वाटणी खाणवाल्यांना थोडी सोयीची वाटते, कारण रचना बदलता येत नव्हती, पण पोकळ्या थांबवता आल्या असत्या. खाण काही आठवड्यांतच पुन्हा सुरू झाली आणि १९१७ पर्यंत चालली. आता डोंगरावर यंत्रे बसवून त्याची हालचाल मोजतात.

पाऊस ओसरेपर्यंत दादाने घाटातून गाडी घालू नये; खानापूरहून लोंढ्यामार्गे वळसा पडला तरी चालेल. विहिरीच्या त्या बाजूचे बांधकाम यंदा एकदा पाहून घ्यावे.

सौ. आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा,
धाकटा