तक्रार: 'आजच पाणी भरा, आजच मासे सोडा' किट आणि आमचे १३ मासे

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: २ फुटी अ‍ॅक्वेरियम स्टार्टर किट + 'कलरफुल फॅमिली' मासे कॉम्बो, चुकीची माहिती देऊन विकल्याबद्दल. पैसे परत मिळण्याबाबत.

नमस्कार,

ऑर्डर नंबर मेलच्या विषयात टाकलाय, बिल आणि फोटो जोडलेत. चॅटवर ही चौथी वेळ आली असती म्हणून आता सरळ पत्रच लिहितेय, कारण तुमच्या चॅटवर प्रत्येक वेळी नवीन माणूस येतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगायला लावतो आणि मी टाइप करेपर्यंत "डिअर कस्टमर, ड्यू टू इनअ‍ॅक्टिव्हिटी" म्हणून खिडकी बंद होते.

मुलीच्या आठव्या वाढदिवसाला हे किट घेतलं. किट ४४९९ आणि मासे १२९९. आम्ही डोंबिवलीला राहतो, घरात याआधी माशाचा संबंध फक्त रविवारी कढईत यायचा, त्यामुळे तुमच्या खोक्यावर जे छापलंय तेच आम्ही खरं धरलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात आहे "आजच पाणी भरा, आजच मासे सोडा". आत जो माहितीचा कागद आहे त्यात पण तेच, पाणी भरा, अँटी-क्लोरीनचे थेंब टाका, दोन तास फिल्टर चालवा, मासे सोडा. दोन तास!

शुक्रवारी रात्री टाकी लावली. ती लाल-निळी खडी धुताना बाथरूममध्ये सात बादल्या पाणी गेलं, तरी सातव्या बादलीचं पाणी पन्ह्यासारखं गुलाबी. ते एक असो. टाकीखाली घालायला थर्माकोलची शीट दिलेली नाही, भरल्यावर ५५ लिटर पाणी म्हणजे पाणीच ५५ किलो, वर काच आणि खडी, ती नुसती टीव्ही युनिटच्या फळीवर ठेवायची का? नवऱ्याने फ्रिजच्या जुन्या खोक्यातली शीट कापून घातली. आणि हीटर! एप्रिलमध्ये डोंबिवलीत टाकीचं पाणी नुसतं ठेवलं तरी ३० डिग्रीला असतं, तो २६ वर लावलेला हीटर आजतागायत एकदाही पेटलेला नाही. पण या बारीकसारीक गोष्टी आहेत, यासाठी मी पत्र लिहिलं नसतं.

शनिवारी सकाळी मासे आले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "अगं जिवंत जीव कुरिअरने कसा येतो?" पण आले, ऑक्सिजन भरलेल्या पिशव्यांत, सगळे जिवंत, त्यात तुमची काही चूक नाही हे मीच लिहून देते. ६ निऑन टेट्रा, २ एंजल, २ गोल्डफिश, २ 'बेबी शार्क' आणि १ सकर. पिशव्या अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग सोडले. लेकीने सगळ्यांना नावं ठेवली. रविवार मजेत गेला.

मंगळवारी सकाळी दोन निऑन खडीवर पडलेले. बुधवारी गोल्डफिश वर येऊन तोंड उघडं ठेवून धापा टाकत होते, पाण्याच्या वरच्या थरालाच चिकटलेले, आणि एअर पंप तर चालू होता, बुडबुडे येत होते. मी तुमच्या चॅटवर गेले. उत्तर आलं की सर (मी सर नाहीये) सगळं पाणी बदला, फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवा, मेथिलीन ब्ल्यू (माशांचं निळं औषध) आणि खडेमीठ टाका. आम्ही केलं. अख्खी टाकी निळी झाली, कोपऱ्यातलं सिलिकॉन अजून निळंच आहे, ते आता कधी जाणार नाही म्हणे. त्यानंतर गुरुवारी आणखी चार गेले. पुढच्या सोमवारपर्यंत १३ पैकी १० मेले. उरले एक गोल्डफिश, एक शार्क आणि सकर.

पैसे परत मागितले तर उत्तर काय, "लाइव्ह अरायव्हल गॅरंटी २४ तास, पिशवी न उघडता व्हिडिओ हवा". म्हणजे मासे जिवंत पोचल्याची हमी फक्त पहिल्या दिवसाची. माझी मुख्य तक्रार ही आहे, म्हणून नीट वाचा.

स्टेशनजवळ एक मासेवाले काका आहेत, पंचवीसेक वर्षं तोच धंदा. त्यांच्याकडे बाटलीत पाणी घेऊन गेले. त्यांनी एका काचेच्या नळीत थोडं पाणी घेतलं, दोन बाटल्यांतले थेंब टाकले, नळी हलवली आणि बोलत बसले. पाच मिनिटांनी नळी दाखवली. पाणी चांगलं असतं तर पिवळं राहायला पाहिजे होतं, आमचं कोथिंबिरीच्या चटणीसारखं हिरवंगार. "ताई, मासे आजारी नव्हते, तुमची टाकी कच्ची होती."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुमच्या कागदावर एका ओळीत मावलं असतं. मासे जे खातात, टाकतात आणि जे खाणं उरून कुजतं त्याचा पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर एक प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच, त्याने माशांच्या रक्तात ऑक्सिजन धरला जात नाही म्हणून बुडबुडे असून मासे धापा टाकतात. मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, ते मासे बऱ्यापैकी सोसतात आणि आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की ते कमी होतं. हे सगळं जमायला नव्या टाकीला चार ते सहा आठवडे लागतात. आठवडे, तास नाही. पाणी जितकं गरम तितका तोच अमोनिया जास्त जहरी, आणि आमची टाकी ३० डिग्रीला.

म्हणजे नव्या टाकीत मासे सहसा पहिल्या २४ तासांत मरतच नाहीत! अमोनिया साठायला दोन-तीन दिवस लागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मरायला लागतात आणि तुमची गॅरंटी पहिल्या दिवशीच संपलेली असते. तुम्ही मासे विकता, तुम्हाला हे माहीत नाही असं मी कसं मानू? आणि माहीत नसेल तर ते जास्तच वाईट. ज्या कागदाप्रमाणे वागून मासे मेले तो तुमचा, आणि जो सल्ला दिला तोही तुमचा. स्पंज नळाखाली धुतला तेव्हा क्लोरीनच्या पाण्याने जे काही थोडेफार बॅक्टेरिया तयार झाले असतील तेही गेले, वर मेथिलीन ब्ल्यू. काका म्हणाले स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता पिळून, आणि पाणी एका वेळी पाव भागच बदलायचं.

आता कॉम्बोबद्दल. यादी वाचून काका आधी हसले आणि मग चिडले. गोल्डफिश थंड पाण्यातले, घाण पण खूप करतात, त्यांना निऑनबरोबर ट्रॉपिकल, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीत कोण देतं? निऑन तर जुन्या मुरलेल्या टाकीत पण जपून सोडायचे. एंजल मोठे झाले की निऑन त्यांचा नाश्ता. सकरला तुम्ही 'टँक क्लीनर' लिहिलंय, तो फुटाच्या वर वाढतो आणि साफ करतो त्यापेक्षा घाण जास्त करतो, मग लोक कंटाळून नेऊन सोडतात आणि देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो आता माजलाय. आणि 'बेबी शार्क' हा शार्कच नाही, तो पंगास, मोठा झाला की मीटरभर होतो. हॉटेलात बासा म्हणून जे फिले मिळतात ना, बहुतेक वेळा तोच. दोन फुटी टाकीत! हे मी लेकीला अजून सांगितलेलं नाही, कारण तो जो उरलाय त्याचं नाव तिने ठेवलंय सोन्या.

आमची चूक पण सांगते. तुमच्या कागदावर दिवसातून तीनदा खाणं लिहिलंय, त्याच्या वर सासूबाई गुपचूप एकदा घालायच्या, "बघ कसे तोंड वर करून मागतायत". ते मागत नव्हते, गुदमरत होते, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवसापासून सासूबाई टाकीकडे बघत नाहीत.

सध्या काकांनी त्यांच्या चालू टाकीतला जुना मळका स्पंज आमच्या फिल्टरमध्ये घालून दिलाय, एक रुपया घेतला नाही. एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदलतोय, खाणं दोन दिवसांतून एकदा, आणि अमोनिया तपासायचं ते थेंबांचं किट मी स्वतः विकत आणलं. कालची नळी पोपटी होती, म्हणजे अजून पिवळी नाही पण आधीसारखी हिरवीगारही नाही.

मला काय पाहिजे ते लिहिते:

माशांचे १२९९ पूर्ण परत. कूपन नको, वॉलेटमध्ये नको, ज्या खात्यातून गेले त्यात.

खोक्यावरचं आणि वेबसाइटवरचं "आजच मासे सोडा" काढा, कागद बदला. किट आधी पाठवा आणि मासे पाच-सहा आठवड्यांनी मागवता येतील असं करा, तुमचं काय जातंय, विक्री तर होणारच आहे. आणि तो कॉम्बो बंद करा.

तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असं ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांत आहे, त्यामुळे "वी विल गेट बॅक टू यू" एवढ्यावर मी थांबणार नाही. महिना झाला की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन, आणि तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोगात, दिशाभूल करणारी जाहिरात म्हणून. चॅटचे स्क्रीनशॉट सगळे ठेवलेत, "सर" सकट.

आपली,
एक ग्राहक, डोंबिवली पूर्व

ता.क. सोन्या तीन आठवड्यांत बोटभराचा वीतभर व्हायला निघालाय. तो आणि सकर परत न्यायला कुरिअर पाठवणार असाल तर दिवस आधी कळवा, लेक शाळेत असताना पाठवा.