चिकोडी रोडच्या मेकॅनिक अण्णांना, दिंडीच्या गाडीवाल्यांकडून

राम कृष्ण हरी, अण्णा.

समोर आभार मानायला लागलं की तुम्ही ‘चहा सांगू का अक्का?’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. खानापूर, बेळगाव, निपाणी भागात आमच्यासारखी जुनी गाडी सांभाळणारी दिंडी किंवा भजनी मंडळ असेल, तर त्यांच्याही कामाला येईल.

आमची गाडी म्हणजे शाळेतून उतरलेली टाटा बस. सीटा काढून मागं ओटा, गॅस, भांड्यांची मांडणी आणि वर वळकट्या ठेवायला फळ्या. आरटीओत हेलपाटे घालून आरसीवर या बदलाची नोंद करून घेतली, ते पुराण वेगळं. इंजिन मात्र मूळचंच, ६९७. सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरच्या आतली रुंदी), म्हणून ६९७, हे मला तुमच्या गॅरेजात बसून कळलं. मी दिंडीतली स्वयंपाकाची आणि हिशेबाची बाई, मला गाडीतलं एवढंच ठाऊक की ती चालली पाहिजे. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार केला, त्या जातकुळीतलं हे इंजिन, असं तुम्ही नटबोल्ट पुसता पुसता सांगितलंत.

दुखणं तुम्हाला पाठ आहेच, इतरांसाठी लिहिते. गावातून निघताना गाडी झकास. वंटमुरीचा घाट कुरकुर न करता चढायची. पुढं चिकोडी मागं पडून मिरजेच्या वाटेला लागलो की मात्र चढावर पिकअप जायचा, हिसके बसायचे, मग बंदच पडायची. ड्रायव्हरनं हँड प्रायमर (हातानं डिझेल चढवायचा छोटा पंप) मारून नळीतली एअर काढली की जरा वेळ चालायची आणि पुन्हा तेच. पालखी पुढं निघालेली, तांदूळ, डाळ, भांडी सगळं गाडीत, आणि गाडी उसाच्या फडाकडेला उभी. माणसं मुक्कामाला पोचायची आणि चुलीचा पत्ता नाही!

सल्ले मात्र भरपूर मिळाले. एका गॅरेजवाल्यानं इंजिनात डिझेल सोडणारा मोठा पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे माप जुळवायला, पाठवा म्हणून सांगितलं. दुसऱ्यानं ऑइलची नळी उघडून धूर बघितला आणि ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय, हाफ इंजिन करायला लागणार’ म्हणून निकालच दिला; म्हणजे रिंगा झिजून सिलिंडरमधला दाब खाली निसटतोय, इंजिन अर्धं खोलून दुरुस्त करायचं. हाफ इंजिनाचा खर्च ऐकून आमच्या अध्यक्षांचा चेहरा उतरला. गाडी विकून टाकायचीच बोलणी सुरू झाली होती.

तुम्ही पान्हा हातात घेतला नाही. आधी विचारलंत, ‘बंद पडती तेव्हा टाकीत डिझेल किती असतंय?’ आमच्यात कुणालाच सांगता येईना, कारण डिझेलचा काटा कधीचा मेलेला. तेव्हा तुम्ही माझी हिशेबाची वही मागितलीत. डिझेल कुठं भरलं, किती रुपयांचं भरलं, गाडी कुठं अडली, मेकॅनिकला कुठं पैसे दिले, सगळं तारीखवार होतं. तुम्ही बोट फिरवत गेलात आणि म्हणालात, ‘बघा की अक्का, डिझेल भरल्यावर लगेच कधी बंद पडलीय का?’ नव्हती. प्रत्येक वेळी टाकी खाली गेल्यावरच. आम्ही इतकी वर्षं रस्त्याला आणि चढाला दोष देत होतो.

मग फीड पंपाच्या, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाच्या, आधी तुम्ही पारदर्शक नळीचा तुकडा जोडलात. इंजिन चालू झालं आणि नळीतून डिझेलबरोबर बुडबुडे पळताना मला स्वतःला दिसले. नंतर टाकी बाजूला ठेवून डिझेलच्या कॅनमध्येच नळी सोडलीत. बुडबुडे गायब, इंजिन एका सुरात. म्हणजे पंप शाबूत, इंजिन शाबूत, भानगड टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या वाटेत.

टाकीतली ओढपाइप बाहेर काढल्यावर तुम्ही आमची कणीक मळायची परात मागितलीत. (आमच्या बायकांनी तेव्हा नाकं मुरडली. परात नंतर राखेनं घासून, ऊन दाखवून घेतली, पण वास दोन मुक्काम राहिला.) परातीत पाणी ओतून पाइप आडवी ठेवली, एक तोंड अंगठ्यानं दाबलं आणि दुसऱ्या तोंडातून हवा सोडली. पाइपच्या मधोमध, क्लिप घासून गंजलेल्या जागी, सुतासारखी बुडबुड्यांची रेघ उठली. एवढीशी चीर! डिझेल तिच्या वर असेपर्यंत काही बिघडायचं नाही. पातळी खाली गेली की पंप डिझेलऐवजी हवा ओढायचा. ‘शहाळ्याच्या नळीला भोक पडलं तर पाणी येतंय का?’ असं तुम्ही विचारलंत, तेव्हा आमच्यातल्या सर्वांत म्हाताऱ्या माउलीलाही कळलं. बाहेर डिझेलचा थेंब का दिसत नव्हता, तेही समजलं. या वाटेत दाब नसतो, ओढ असते, त्यामुळं गळत काही नाही, हवा तेवढी आत येते. पाइपला ब्रेझिंग करून (पितळेचा डाग देऊन), वॉशर बदलून गाडी पुन्हा रस्त्याला लागली.

दुसरं काम तुम्ही न सांगता केलंत. कुणीतरी शहाण्यानं थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) काढून टाकला होता, ‘म्हणजे गाडी गरम होत नाही’ म्हणे. तुम्ही नवा बसवलात. थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवं तेवढं तापत नाही, डिझेल नीट जळत नाही, बोअर आणि रिंगा लवकर झिजतात. आणि घाटात उलटंच होतं, थोडं गरम पाणी बायपासच्या आडवाटेनंच इंजिनात घुमत राहतं, रेडिएटरकडं जातच नाही. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि उसाचं पाचट दाटून बसलं होतं, ते आतल्या बाजूनं हवा मारून काढलंत. आता तापमानाचा काटा मध्यावर येऊन थांबतो. रेडिएटरमध्ये बोअरवेलचं पाणी घालू नका, कूलंट घाला, हे मात्र अजून ड्रायव्हरला दर वेळी सांगावं लागतं.

गाडी वर्षातले बरेच महिने उभी असते आणि आमच्याकडं पाऊस कणकुंबीच्या अंगाचा, म्हणजे धो धो, म्हणून तुम्ही बजावलेलं आम्ही पाळतो. उभी करताना टाकी भरून ठेवतो, म्हणजे रिकाम्या जागेत दमट हवा राहून पाणी धरत नाही. चालू करण्याआधी फिल्टरच्या तळाचं पाणी सोडतो. कापडी आणि पेपर, दोन्ही फिल्टर एकदमच बदलतो. ऑइल किलोमीटर झाले नाहीत तरी वर्षाला बदलतो. ऑइल काळं दिसलं तर घाबरायचं नाही, दुधाळ दिसलं तर इंजिन चालू करायचं नाही. आणि आठवड्याला दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवायची सवय सोडली. तुमचं म्हणणं, तेवढ्यानं इंजिन तापत नाही, ऑइलमधली ओल तशीच राहते, न जळलेलं डिझेल खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. त्यापेक्षा नंदगडपर्यंत जाऊन यावं. आम्ही जातो. बाजारही होतो.

अण्णा, त्या दिवशी तुम्ही पंप खोला म्हणाला असतात तर आम्ही मुकाट्यानं खोलला असता. हाफ इंजिन म्हणाला असतात तर वर्गणी काढली असती. आम्हाला फरक कळणार नव्हता आणि तुमचा धंदा झाला असता. तुम्ही पाइप, ब्रेझिंग, थर्मोस्टॅट, कूलंट एवढंच लावलंत. मजुरीच्या जागी वहीत नुसती रेघ मारलीत आणि म्हणालात, ‘पांडुरंगाच्या गाडीचं आहे.’ पांडुरंगाला काही संसार चालवायचा नसतो, तुम्हाला चालवायचा आहे. ती रेघ माझ्या वहीत अजून तशीच आहे आणि हिशेब जुळत नाही.

कार्तिकीच्या आधी टॅपेट (इंजिनाच्या झडपांची फट) सेट करायला आणि नोझल (डिझेल फवारणारी तोंडं) तपासायला गाडी घेऊन या, असं तुम्ही सांगितलंय. दिवाळी झाली की येतो. बरोबर भाकरी, झुणका आणि मिरचीचा खरडा आणते. आकडा तुम्ही सांगायचा, पैसे मी मोजायचे. नाही सांगितलात तर टॅपेटला हात लावू देणार नाही.

तुमची अक्का
(दिंडीच्या सर्व माळकऱ्यांच्या वतीनं)