सही करण्याआधी घराचं विचारून घे

बर्लिन, नोव्हेंबर

प्रिय अजय,

तुझं पत्र मिळालं. इथल्या कंपनीने तुला बोलावलं, हे वाचून मनापासून आनंद झाला. पगार, व्हिसा, भाषा, सगळं तू खोदून खोदून विचारलंयस. घराबद्दल मात्र एकच ओळ: ‘घर काय, मिळेलच.’ त्या ओळीने मला काळजीत टाकलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

थंडीची भीती सगळेच घालतात. तिचं एवढं मनावर घेऊ नकोस. डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, त्याचीही सवय होते. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारीच सामान भरून ठेवायचं. रात्री दहानंतर गोंगाट नाही, हे तर मला आवडतं. माणूस इथे खचतो तो घरापायी.

नव्या जागेत राहायला गेलं की १४ दिवसांच्या आत पत्ता सरकारी कार्यालयात नोंदवावा लागतो. आनमेल्डुंग म्हणतात त्याला. ‘ही व्यक्ती माझ्या जागेत राहायला आली आहे’ असं घरमालकाने सही करून द्यायचं, तरच नोंदणी होते. नोंदणीशिवाय कर क्रमांक हातात पडत नाही, आणि तो नसला तर पगारातून जास्तीचा कर कापला जाऊ शकतो. बँक काय, बालवाडी काय, सगळे नोंदणीचा कागद मागतात. आणि जाहिराती बघशील तर कितीतरी खोल्यांखाली सरळ लिहिलेलं असतं, नोंदणी मिळणार नाही. म्हणजे भाडं पूर्ण द्यायचं, पण तुम्ही इथे राहता हे कुठे दिसता कामा नये. याचा मला फार संताप येतो.

कंपनीने दिलेली जागा सोडावी लागल्यावर मी फर्निचरसकट, मुदतीची जागा घेतली. नोंदणी झाली, वाटलं सुटलो. मग पत्रपेटीचं सुरू झालं. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो रे. रस्ता, इमारतीचा नंबर आणि तुझं नाव, बस्स. पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघून पत्र टाकतो, आडनाव नसलं की पत्र परत. आणि अजूनही इथे महत्त्वाचं ते सगळं पोस्टानेच येतं: बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक. घरमालक म्हणाला, तू थोड्याच महिन्यांसाठी आहेस, पाटी बदलणार नाही. मी त्याच्या पाटीखाली कागदाची पट्टी लावली, ठळक अक्षरांत आडनाव लिहिलं. कुणीतरी काढली. पुन्हा लावली, पुन्हा गेली. पत्र्यावर चिकटपट्टीचा डाग तेवढा राहिला. बँकेचं पत्र त्याच आठवड्यात परत गेलं. दिवसभर ऑफिसात लोक मान देतात, आणि संध्याकाळी दारात आपल्या नावाला दोन बोटं जागा नसते. किती लागतं ते, कसं सांगू तुला.

अशा मुदतीच्या जागा एवढ्या का बोकाळल्या, तेही समजून घे. २०१५ पासून इथे नव्या करारातलं भाडं त्या भागातल्या तशाच घरांच्या भाड्याहून साधारणपणे १० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या जागेला हे बंधन नाही. मग पलंग-टेबल टाकायचं, मुदत घालायची, आणि वाटेल ते मागायचं. २०२० मध्ये बर्लिनने भाडी गोठवणारा स्वतःचा कायदा केला होता. बर्लिन राज्याला तो अधिकारच नाही म्हणून जर्मनीच्या संविधान न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो रद्द केला. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्लिनमध्ये सार्वमत झालं, आणि बड्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करा, असा कौल बहुमताने दिला गेला. म्हणजे हा जाच फक्त परक्यांचा नाही. इथले बहुतेक लोक भाड्यानेच राहतात. जुने भाडेकरू स्वस्तातले करार सोडत नाहीत, आणि त्यांचं काही चुकत नाही.

गेल्या शनिवारी शहराच्या नॉयक्योल्न भागात एक घर बघायला गेलो. चौथा मजला, लिफ्ट नाही, रांग खालच्या दारापर्यंत. ज्याच्या त्याच्या हातात फाइल: तीन पगारपत्रकं, लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या शुफा कंपनीचा पत-अहवाल, आधीच्या मालकाचं थकबाकी नसल्याचं पत्र. नव्याने आलेला माणूस हे कुठून आणणार? माझ्यापुढची एक गरोदर बाई दमून पायरीवरच बसली. पुढे जा म्हटलं, तर जागा जाईल म्हणून उठेना. वर स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाण्याचे दोन पाइप बाहेर आलेले, बाकी काही नाही. ओटा नाही, सिंक नाही. आधीचा भाडेकरू ते पुष्कळदा सोबत घेऊन जातो, अशी रीत आहे इथे. पण खिडकी मोठी होती. लेकीचा, चिऊचा पलंग कुठे बसेल, तेही मी मनात ठरवून टाकलं. अजून उत्तर नाही. नकारसुद्धा कळवत नाहीत बहुतेक वेळा.

वैशाली हल्ली घराचं विचारत नाही. न विचारणं जास्त जड जातं.

तर तू एवढं कर. कंपनीकडून लेखी घे: निदान सहा महिने जागा, तिथे नोंदणी, आणि घंटीवर व पेटीवर तुझं नाव. अनामत महिन्याच्या मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देता येते, असा कायदा आहे. घर न दाखवता कुणी पैसे मागितले तर फसवणूकच समज. जाहिरातीत ‘काल्ट’, म्हणजे नुसतं मूळ भाडं दिसेल. त्यावर हीटिंग-पाण्याचा खर्च वेगळा असतो, तो धरूनच हिशेब कर.

येऊ नकोस, असं मी मुळीच म्हणत नाही. तू या शहरात असलास तर मला केवढा आधार होईल. पण जागेचं लेखी मिळालं नाही, तर आधी एकटा ये, मुलांना मागाहून आण. कंपनी काय म्हणते ते लगेच कळव.

आईंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
निखिल