सिंगापूरची मारियम्मन

ती. आई आणि ती. बाबा,
शि. सा. नमस्कार.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही म्हणालात, "आषाढातला मरीआईचा नैवेद्य आजवर चुकला नाही, आता या वयात चुकवून परमुलखात कशाला यायचं?" मी तेव्हा गप्प बसले, कारण तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण शनिवारी सकाळी मी इथल्या, सिंगापुरातल्या मारियम्मनच्या, म्हणजे तमिळ लोकांच्या मरीआईच्या देवळात गेले आणि तिथून आल्यापासून तुम्हा दोघांना हे लिहायचं डोक्यात आहे.

देऊळ चायनाटाउनमध्ये, साउथ ब्रिज रोडवर आहे. लाल कंदील टांगलेल्या चिनी दुकानांमधून चालत गेलं की एकदम गोपुर, म्हणजे देवळाच्या दारावरचा उंच मनोरा, समोर येतं, देव-देवता, ऋषी, राक्षस, सगळे खच्चून भरलेलं. आवाराच्या भिंतीवर गाई बसल्या आहेत. बाजूच्या रस्त्याचं पॅगोडा स्ट्रीट हे नाव या गोपुरावरून पडलं. दुसऱ्या बाजूला टेंपल स्ट्रीट. हाकेच्या अंतरावर मशीद आहे, तीही तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी त्याच सुमारास, 1826 मध्ये उभारलेली. म्हणजे हे गाव वसायला लागलं तेव्हापासून ही माणसं शेजारी आहेत.

देऊळ उभं करणाऱ्यांत पुढे होते नारायण पिळ्ळै. इंग्रजांनी सिंगापुरात वखार घातली 1819 मध्ये, आणि त्याच वर्षी मे महिन्यात हे गृहस्थ पेनांगहून, वखार घालणाऱ्या रॅफल्ससाहेबाबरोबर इथे उतरले. सरकारी नोकरीपेक्षा त्यांनी धंद्यात मन घातलं. वीटभट्टी काढली, कारण घरं बांधायची तर विटा हव्यात हे त्यांनी आल्याआल्या हेरलं होतं. कापडाचं दुकान टाकलं, ते 1822 च्या आगीत जळालं. पुन्हा उभे राहिले. आणि हे सगळं चाललेलं असताना देवळासाठी जागा मागत राहिले! तेलोक आयरला जागा मिळाली, पण तिथे गोडं पाणी नव्हतं, आणि पाण्याशिवाय देवीचं स्नान, पूजा होणार कशी? दुसरी जागा मिळाली, ती गावाच्या नकाशात बसेना. शेवटी 1823 मध्ये आताची जागा पदरात पडली आणि 1827 मध्ये लाकडाचं, पानांनी शाकारलेलं छोटं देऊळ झालं. विटांचं बांधकाम 1843 चं, पहिलं गोपुर 1903 चं. गोपुरावर आज दिसतात त्यातल्या बऱ्याच मूर्ती तर 1960 च्या दशकातल्या. पण गाभाऱ्यातली देवी तीच आहे, पिळ्ळैंनी 1827 मध्ये बसवलेली.

मूर्ती लहानशीच आहे. लोक तिला सिन्ना अम्मन म्हणायचे, धाकटी देवी. पावसाची देवी, आणि साथीच्या रोगांपासून राखणारी. आई, कडुलिंबाचा पाला आणि लिंबांच्या माळा बघून मला आजीच आठवली. तिच्या गालांवरचे देवीच्या रोगाचे वण मी लहानपणी बोटाने चाचपायचे, आणि ती सांगायची की अंगावर कडुलिंबाच्या डहाळ्या फिरवत तिच्या आईने मरीआईला साकडं घातलं होतं. इथे उतरलेल्या माणसांना तर जंगल तोडायचं होतं, दलदल भरायची होती, आणि पटकी किंवा देवी आली तर जवळ ना घर ना गोत. त्यांनी दुसऱ्या कुठल्या मोठ्या देवाआधी हिला आणलं, ते मला अगदी समजतं.

मला सगळ्यात जास्त भिडलं ते वेगळंच. त्या काळी जहाजातून उतरलेला माणूस थेट या देवळात यायचा. काम मिळेपर्यंत, डोक्यावर छप्पर होईपर्यंत इथेच राहायचा. पुढे लग्नाची वेळ आली की लग्नही इथेच, कारण हिंदूंची लग्नं लावायचा अधिकार कितीतरी काळ या एकाच देवळाला होता. मी आले तेव्हा हातात नोकरीचं पत्र होतं, कंपनीने भाड्याची खोली बघून ठेवली होती, तरी पहिल्या आठवड्यात रात्री झोप लागत नव्हती. त्यांच्याजवळ काय होतं? म्हणून मी त्या मंडपात बराच वेळ नुसती बसून राहिले. या फरशीच्या जागी कधीतरी कोणीतरी गाठोडं उशाला घेऊन निजलं असेल, आणि सकाळी आरतीच्या घंटेने उठून काम शोधायला गेलं असेल.

आई, तुझ्यासाठी मात्र द्रौपदीचं देऊळ. याच आवारात आहे, आणि मान मारियम्मनच्या खालोखाल. शेजारी पाचही पांडव आणि त्यांच्यावर नजर ठेवून श्रीकृष्ण. अर्जुन आणि उलूपीचा इरावानसुद्धा आहे, युद्धाआधी स्वतःचा बळी देणारा. इथे त्याला अरावान म्हणतात. तू चातुर्मासात महाभारत वाचतेस, पण तमिळ लोकांची द्रौपदी युद्ध संपल्यावर निखाऱ्यांवरून चालते आणि निष्कलंक बाहेर येते. तिच्या नावाने दरवर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी इथे तीमिदी, म्हणजे निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी, होते. सेरंगून रोडच्या श्रीनिवास पेरुमाळच्या देवळातून मिरवणूक निघते, काही हजार भक्त अनवाणी चालत इथपर्यंत येतात आणि कितीतरी तास एकामागून एक धगधगत्या निखाऱ्यांवरून जातात. डोक्यावर कलश घेतलेला पुजारी सगळ्यात पुढे. निखाऱ्यांच्या टोकाला दुधाचा हौद, त्यात पाय बुडवायचे. 1840 पासून हे चालत आलंय. आपल्याकडे पोतराज स्वतःला आसूड मारून घेतो तेव्हा बाबा मला लहानपणी म्हणायचे, "डोळे मिटू नकोस, तो आपल्या सगळ्यांच्या वतीने सोसतोय." तेच इथेही मनात ठेवून बघायचं.

सरकारने 1973 मध्ये या देवळाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. पण ते नुसतं जपून ठेवलेलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. 2023 च्या फेब्रुवारीत कुंभाभिषेक, म्हणजे डागडुजीनंतरची पुन्हा प्रतिष्ठा, झाला, रंग अजून ताजे आहेत. 2027 ला देवळाला 200 वर्षं होतील.

तेव्हा बाबा, माझं म्हणणं ऐका. आषाढाचा नैवेद्य गावातच होऊ दे, मरीआईचा गाडा वेशीबाहेर जाऊ दे, मग निघा. नवरात्र घरी करून आलात तरी तीमिदी मिळेल आणि दिवाळी माझ्याकडे होईल. देऊळ दुपारी बंद असतं, म्हणून आपण सकाळी लवकर जाऊ. देवळाजवळच्या मॅक्सवेल मेट्रो स्टेशनला सरकते जिने आणि लिफ्ट दोन्ही आहेत, तुमच्या गुडघ्यांना त्रास नाही. फक्त पायताण बाहेर काढावं लागतं आणि अंगणातली फरशी उन्हाने तापते, तेव्हा आई, तुझे जाड पायमोजे बरोबर घे. दहीभात मी घरून करून नेईन. पुजाऱ्यांना विचारून तो देवीपुढे ठेवता येतो का ते या शनिवारी बघते.

पासपोर्टची मुदत तेवढी तपासा आणि रविवारी फोनवर तारखा सांगा, मग मी व्हिसाच्या अर्जाला लागते.

तुमची लेक