घिबलीवर लिहिताना ताकाहाता कसे काय राहून जातात?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जपानी ऍनिमेशनवर पानभर लेख आला, बघून खरंच खूप बरं वाटलं, मराठी पेपरात या विषयाला एवढी जागा कुठे मिळते. पण अख्ख्या लेखात दिग्दर्शक इसाओ ताकाहाता हे नाव एकदाच आलं आणि तेही 'मियाझाकींचे सहकारी' एवढंच. तेवढ्यासाठीच हे पत्र लिहितेय. 'टोटोरो'चे दिग्दर्शक हायाओ मियाझाकी थोर आहेत त्यात वादच नाही, पण १९८५ मध्ये स्टुडिओ घिबली ही जपानी ऍनिमेशन कंपनी सुरू केली ती या दोघांनी मिळून, सोबत निर्माते तोशिओ सुझुकी, आणि दोघांमध्ये वयाने आणि अनुभवाने सीनियर होते ते ताकाहाता.

दुसरी गोष्ट म्हणजे लेखात सारखं 'घिबली स्टाईल, घिबली स्टाईल' असं आलंय. २०२५ च्या मार्चमध्ये एआयवर सगळ्यांनी आपापले फोटो तसे करून घेतले, आमच्या फॅमिली ग्रुपवर तर लग्नाच्या अल्बमपासून गणपतीच्या डेकोरेशनपर्यंत काही सुटलं नाही, तेव्हापासून लोकांच्या डोक्यात घिबली म्हणजे गोल चेहरे, हिरवं गवत आणि मऊ रंग असंच बसलंय. पण ताकाहातांचे सिनेमे शेजारी शेजारी लावून बघा, एकाच माणसाचे आहेत हे सांगूनही पटणार नाही. 'पॉम पोको' (१९९४) मध्ये तेच तानुकी (कोल्ह्यासारखं दिसणारं जपानी रानटी जनावर) कधी खऱ्या जनावरासारखे दिसतात तर कधी एकदम कॉमिकमधले होऊन जातात. 'माय नेबर्स द यामादाज' (१९९९) पेपरातल्या कॉमिक स्ट्रिपसारखा, चार रेषा, थोडा वॉटरकलर, बाकी फ्रेम पांढरी ठेवलेली, आणि गंमत म्हणजे घिबलीचा पूर्णपणे कॉम्प्युटरवर रंगवलेला पहिला सिनेमा हाच! आणि 'प्रिन्सेस कागुया' (२०१३) तर कोळशाने काढल्यासारखा. त्यातला तो राजकन्या वाड्यातून पळत सुटते तो सीन, अंगावरचे भारी कपडे एकेक करून गळून पडतायत, आणि जसजशी ती पळते तसतशा रेषाच रागावल्यासारख्या होतात, झाडं म्हणजे नुसते काळे फराटे उरतात. इतकं रागाचं चित्र मी दुसऱ्या कुठल्याच ऍनिमेशनमध्ये बघितलेलं नाही. गोष्ट बदलली की चित्रसुद्धा बदललं पाहिजे हा त्यांचा हट्टच होता. मग यातली कुठली घिबली स्टाईल म्हणायची?

आणि हे सगळं अशा माणसाने केलं जो स्वतः ऍनिमेटर नव्हता! टोकियो युनिव्हर्सिटीत फ्रेंच साहित्य शिकले, पॉल ग्रिमो या फ्रेंच दिग्दर्शकाचा ऍनिमेशनपट बघून या लाईनकडे वळले आणि १९५९ मध्ये तोएई या जपानी ऍनिमेशन स्टुडिओत लागले. तिथे कामगार युनियनच्या कामात मियाझाकींशी गट्टी जमली. त्यांचा पहिला मोठा सिनेमा 'होरुस' १९६८ मध्ये आला, ठरलेल्या वेळेच्या कितीतरी पुढे गेला, चालला पण नाही, आणि तोएईने त्यांना पुन्हा मोठा सिनेमा दिला नाही. १९७१ मध्ये ते बाहेर पडले. नंतर १९७४ ची 'हायडी', स्वित्झर्लंडच्या डोंगरात आजोबांकडे राहणाऱ्या मुलीची ५२ भागांची टीव्ही मालिका, दर आठवड्याला एक भाग. त्यासाठी टीम तिकडे जाऊन गाव, डोंगर, घरं बघून आली. त्यात आजोबा चीज विस्तवावर धरतात, ते हळूहळू वितळतं आणि मग ते ब्रेडवर घेतात, इतकंच. पण बघताना भूक लागते हो! रोजच्या साध्या गोष्टीकडे इतकं बारकाईने बघायला कार्टूनमध्ये तोवर कुणाला सुचत होतं?

मला स्वतःला सगळ्यात जवळचा वाटतो तो 'ओन्ली यस्टरडे' (१९९१). २७ वर्षांची ताएको ऑफिसातून सुट्टी काढून जपानच्या यामागाता भागात शेतावर जाते, करडईची फुलं तोडायला. हो, आपल्याकडे सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी लावतात तीच करडई, तिथे मात्र तिच्या पाकळ्यांपासून लाल रंग काढतात, पहाटे उठून ती काटेरी फुलं तोडणं, पाकळ्या तुडवणं, सगळं सविस्तर दाखवलंय. आणि मध्ये मध्ये तिला स्वतःचं पाचवीतलं वय आठवत राहतं. घरात पहिल्यांदा अख्खा अननस येतो, कसा कापायचा तेच कुणाला माहीत नाही, शेवटी कापला की सगळे मोठ्या अपेक्षेने तोंडात टाकतात आणि एकेकाचा चेहरा उतरतो. केळंच बरं म्हणून बाकीचे बाजूला होतात, ही मुलगी मात्र हट्टाने खात राहते. याच सिनेमात वर्गातल्या मुलींना पाळीबद्दल सांगितलं जातं, मग मुलांना कळतं, मग चिडवाचिडवी. मी शाळेत शिकवते, त्यामुळे ठामपणे सांगते, आपल्याकडच्या कुठल्याही शाळेत हे असंच होतं आणि त्यावर इतका समजूतदार सिनेमा मला दुसरा माहीत नाही.

त्यांच्या हाताखाली काम करणं अजिबात सोपं नव्हतं, वेळेच्या बाबतीत तर आनंदीआनंद, हे त्यांच्या सोबतच्या लोकांनीच सांगितलंय. 'यामादाज' आणि 'कागुया'मध्ये १४ वर्षांचं अंतर आहे. कागुयाला ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं पण पैशाच्या हिशोबात तो तोट्यातच गेला. हेही लिहा, नुसती आरती नको. ५ एप्रिल २०१८ ला ते गेले, वय ८२.

आता मुख्य मुद्दा, जो बघून मी लगेच लिहायला बसले. लेखाच्या शेवटी चौकटीत 'सुट्टीत मुलांना दाखवा' म्हणून यादी दिलीये आणि त्यात 'टोटोरो'च्या खालीच ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाईज' आहे, युद्धात पोरक्या झालेल्या बहीणभावाची गोष्ट. १९८८ मध्ये जपानात हे दोन्ही एकाच तिकिटावर लागले होते हे खरं, पण म्हणून दोन्ही एकाच वयाचे होत नाहीत. २९ जून १९४५ ला ओकायामा शहरावर बॉम्बहल्ला झाला तेव्हा ताकाहाता ९ वर्षांचे होते, बहिणीबरोबर रात्रीच्या कपड्यात अनवाणी पळाले होते, आणि या सिनेमातली आग त्या माणसाने दाखवलेली आहे. लिमलेटसारख्या गोड गोळ्यांचा डबा रिकामा झाल्यावर भाऊ त्यात पाणी घालून हलवतो आणि ते गोड पाणी धाकट्या बहिणीला पाजतो, आणि ती पुढे उपासमारीने जाते, काहीही सौम्य करून दाखवलेलं नाही. ताकाहाता स्वतः म्हणायचे की याला नुसता युद्धविरोधी सिनेमा समजू नका, ही दोन मुलं सगळ्यांपासून तुटून आपलं वेगळं घर करायला जातात आणि ते निभत नाही, ती गोष्ट आहे. मोठ्यांनी आणि कॉलेजच्या मुलांनी जरूर बघावा, नेटफ्लिक्सवर २०२४ मध्ये आलाय. पण सहा-सात वर्षांच्या पोराला कार्टून म्हणून लावून देऊन आईबाप स्वयंपाकघरात गेले तर काय होईल याचा विचार करा.

तर ती चौकट कृपया दुरुस्त करून पुन्हा छापा. आणि जमलं तर ताकाहातांवर वेगळा लेख द्या, घिबलीत त्यांनी पाचच सिनेमे दिग्दर्शित केलेत, एका पानात आरामात बसतील.

आपली नियमित वाचक,
लातूर