सूचना : उत्तरायुष्यात नवी वाट धरू पाहणाऱ्या सभासदांसाठी

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पन्नाशी-साठीनंतर नवा व्यवसाय, नवे शिक्षण किंवा अगदी निराळे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्यांची बैठक नेहमीच्या वेळी होईल. येताना प्रत्येकाने दोन कागद लिहून आणावेत, ही आग्रहाची विनंती आहे. पहिल्या कागदावर, नियमित उत्पन्न थांबल्यास घरखर्च, औषधपाणी आणि कर्जाचे हप्ते किती महिने भागतील याचा हिशेब असावा. दुसऱ्यावर आपली कौशल्ये लिहावीत, मात्र हुद्द्यांच्या नावांनी नव्हे. ‘शाखा व्यवस्थापक’ असे लिहिण्याऐवजी ‘चिडलेल्या ग्राहकाचे शांतपणे ऐकून घेतले, नवख्यांना काम शिकवले, हिशेब जुळवले’ असे लिहिले, तर त्यांतले काय नव्या कामात उपयोगी पडेल हे चटकन लक्षात येते. हा दुसरा कागद आम्हाला अधिक मोलाचा वाटतो, कारण हुद्दा सुटला की आपल्याजवळ काहीच उरले नाही असे अनेकांना उगाचच वाटू लागते.

अमेरिकेतील ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस यांनी संधिवातामुळे भरतकाम अवघड झाल्यावर, सत्तरी ओलांडल्यानंतर चित्रकलेकडे गांभीर्याने लक्ष दिले आणि १९४० साली, वयाच्या ८०व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. सर्वांनाच असे यश लाभेल असे आमचे म्हणणे नाही, परंतु वय झाले एवढ्याच कारणाने कोणी माघार घेऊ नये, असे मनापासून वाटते.

हातची नोकरी सोडण्यापूर्वी नवे काम सुटीच्या दिवशी प्रत्यक्ष करून पाहावे आणि घरच्यांना विश्वासात घ्यावे. शक्य असल्यास जोडीदारालाही बैठकीस आणावे.